औषध राहू दे, आधी पाणी बघ

अगं, बघितले तुझ्या टोमॅटोचे फोटो. बूड काळं, चपटं, चामड्यासारखं. पण लगेच फवारणीची बाटली आणायला धावू नकोस. ही कीडही नाही आणि बुरशीही नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलंय, एवढंच. आणि खरं सांगू का, ते मातीत बहुतेक असतंच. फळापर्यंत पोचत नाही, कारण गोंधळ पाण्याचा असतो.

आता सांग, कुंड्यांना पाणी कुठलं घालतेस? आरओच्या नळीतून वाया जाणारं? वाटलंच मला! मीही बादल्या भरभरून तेच ओतायचे आणि वर स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे. पण बघ, यंत्र तुझ्या पेल्यातले क्षार काढतं, ते जातात कुठे? त्याच बादलीत. त्यात मूळचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर विचारूच नकोस. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि कॅल्शियम मागेच राहतं. टीडीएसचं मीटर शेजारी कुणाकडे तरी असेल, मागून आण. आकडा १००० च्या पुढे गेला तर ते पाणी लादी पुसायला ठेव.

सोसायटीत सॉफ्टनर बसवलाय का, तेही विचार. तो पाण्यातलं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. कपड्यांना छान, टोमॅटोला नेमकं उलटं. नगरपालिकेच्या साध्या नळाचं पाणी मात्र बिनधास्त घाल, त्यातल्या क्लोरीनचा उगाच बाऊ नको.

कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय ना? मग एकदा चांगलं पाणी भोकातून भरपूर निथळेपर्यंत घाल आणि ताटलीत साचलेलं फेकून दे. पावसाळ्यात कुंड्या सरळ पावसात ठेव, तेवढी धुलाई पुरते. अंड्याची टरफलं कुणी सुचवली तर हो म्हण आणि विसरून जा. ती विरघळेपर्यंत तुझा हंगाम संपेल.

आणि हो, दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर, असं करू नकोस गं! त्यानंही बूड काळं पडतं आणि फळं तडकतात. सकाळी मातीत बोट खुपसून बघ, कोरडं लागलं तर बुंध्याशी पाणी घाल. पानं भिजवू नकोस, करपा येतो.

डाग पडलेली फळं तोड, चांगला भाग आमटीत घाल. रोप मात्र उपटू नकोस, पाणी बदललंस की पुढची फळं नीट येतील.