तो मुद्दाम करत नाही

सात-आठ वर्षांचा मुलगा सारखे डोळे मिचकावतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, नजर ठीक आहे. महिन्याभराने मिचकावणं थांबतं आणि घसा खाकरणं सुरू होतं. मग अ‍ॅलर्जीचं औषध. माझ्याकडे येईपर्यंत घरात ‘टीव्ही बघून लागलेली खोड’ हे निदान पक्कं झालेलं असतं आणि उपायही चालू असतो: दिवसभर ओरडा.

ही बहुतेक वेळा टिक असते. शिंक येण्याआधी नाकात हुळहुळतं, तसं काहीतरी आत दाटून येतं. हालचाल किंवा आवाज केला की क्षणभर मोकळं वाटतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ‘शाळेत काही करत नाही, घरीच करतो, म्हणजे नाटकं!’ अहो, शाळेत दाबलेलंच घरी बाहेर पडतं.

टिक साधारण ४ ते ६ वर्षांच्या वयात दिसू लागते, १० ते १२ च्या सुमारास जोर धरते आणि बहुतेकांची विशीच्या आत बरीच कमी होते. हालचालींच्या अनेक टिक आणि आवाजाची किमान एक, असं वर्षाहून जास्त चाललं तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. सिनेमात दाखवतात तशा शिव्या त्यातल्या थोड्यांच्याच तोंडून निघतात.

‘थांब’ म्हणू नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका, बक्षीसही लावू नका. लक्ष वेधलं की टिक वाढते. वर्गशिक्षिकेला मात्र सांगून ठेवा. मान दुखू लागली, मुलं चिडवू लागली, तर उपचार आहेत: ऊर्मी ओळखून तिच्या उलट हालचाल करायला शिकवतात, गरजेप्रमाणे गोळ्याही देतात. अभ्यासात लक्ष न टिकणं, पुन्हा पुन्हा हात धुणं असंही असेल तर सांगा. अनेकदा टिकपेक्षा त्याचाच त्रास मोठा असतो.

मूल मध्येच शून्यात बघतं, हाकेला ओ देत नाही, तर फिट्सची तपासणी हवी. हातपाय वेडेवाकडे उडू लागले, अक्षर अचानक बिघडलं, हातातून वस्तू पडू लागल्या, तर मात्र आठवडाभरही थांबू नका. काही महिन्यांपूर्वीच्या घसादुखीतून आलेला हा संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, म्हणून इको करतात आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं पुढे कित्येक वर्षं न चुकता घ्यावी लागतात.