कोड चुकला नव्हता

मे महिन्याच्या सुट्टीत रास्पबेरी पाय घेऊन बसलेल्या पोरांचा प्रकल्प अर्ध्यात बंद पडला, की दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. दुकानदार म्हणतो, "बोर्ड ओके आहे, तुमचा कोड बघा." शिबिरातले सर म्हणतात, "नीट शटडाउन केलं नसशील." घरचे म्हणतात, "यूट्यूब बघून असली कामं होत नसतात." हे तिन्ही निकाल मी पुरेसे ऐकले आहेत, आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. चालता चालता मध्येच रीस्टार्ट होणाऱ्या, कधी कॅमेरा दिसणाऱ्या तर कधी न दिसणाऱ्या, दोन दिवसांनी मेमरी कार्डच वाचेनासं होणाऱ्या बोर्डाची सगळ्यात आधी वीज तपासावी. ती न तपासता कोडकडे बोट दाखवणारा विक्रेता आपण विकलेला चार्जर झाकत असतो.

हे रागाने म्हणत असलो तरी त्यामागे साधं गणित आहे. पाय ३ साठी ५.१ व्होल्टला २.५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, पाय ४ साठी ३ अँपिअरचा आणि २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ साठी ५ अँपिअरचा. बोर्डापर्यंत पोचणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की बोर्ड त्याची नोंद करतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. आता मोबाइलच्या बॉक्सात आलेली बारीक वायर घ्या. जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहम धरला आणि कॅमेरा, वायफाय, पेन ड्राइव्ह मिळून २ अँपिअर ओढले, तर अर्धा व्होल्ट वायरीतच जिरला. चार्जर ५.१ देत असला तरी बोर्डाला ४.६ मिळाले, म्हणजे मर्यादेच्या खालीच. चार्जर मापून बघितला तर निर्दोष, बोर्ड निर्दोष, आणि मधल्या वायरीकडे कुणी बघत नाही. त्यात पोरांनी सर्व्हो किंवा छोटा पंप थेट ५ व्होल्टच्या पिनेवर जोडलेला असतो. मोटर सुरू होण्याच्या क्षणी जो झटका ओढते, त्यात उरलंसुरलंही जातं. पंपाला वेगळी वीज द्यावी, फक्त ग्राउंड दोघांचा एक करावा. किटबरोबरच्या कागदावर हे छापायला किती शाई लागली असती?

डोळे उघडणारी गोष्ट म्हणजे बोर्ड हा सगळा हिशेब स्वतः ठेवतो. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारलं की एक आकडा मिळतो. फक्त शून्य आलं तर सगळं ठीक. ५०००५ आलं, तर उजवीकडचा ५ सांगतो की या घटकेला दाब कमी आहे आणि वेग रोखलेला आहे. डावीकडचा ५ सांगतो की बोर्ड सुरू झाल्यापासून हे कधीतरी घडून गेलं आहे. उजवीकडचा आकडा दाब सावरला की पुसला जातो, डावीकडचा मात्र रीस्टार्ट होईपर्यंत तसाच राहतो. नेमकी इथेच मेख आहे. तक्रार घेऊन गेलं की काउंटरवरचा माणूस पहिली गोष्ट काय करतो? तुमची वायर काढून बाजूला ठेवतो, आपला दणकट अडॅप्टर लावतो, बोर्ड नव्याने सुरू करतो आणि म्हणतो, "बघा, चालतोय की." म्हणजे ज्याच्यावर संशय तो चार्जर बाहेर, आणि बोर्डाने जपलेला पुरावाही पुसलेला. हे अज्ञानातून होतं असं मी बरेच दिवस मानत होतो. आता मानत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "आमचा मोबाइलचा चार्जर ६७ वॉटचा आहे, त्याला काय धाड भरलीय?" वॉटचा मोठा आकडा इथे उपयोगाचा नाही. वेगाने चार्ज करणारे चार्जर फोनशी बोलणी करून दाब वाढवतात आणि त्यातून ते वॉट येतात. ५ व्होल्टवर यूएसबी पीडीचे नेहमीचे चार्जर ३ अँपिअरपलीकडे जात नाहीत. पाय ५ ला असा चार्जर लावला तर ५ अँपिअर मिळत नसल्याचं तो स्क्रीनवर सांगतो आणि यूएसबीच्या चारही पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवतो. मग हार्ड डिस्क चालली नाही तर त्यात पोराचा काय दोष? दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. अधिकृत अडॅप्टर महाग पडतो. पण स्वस्त चार्जर घेऊन जे कार्ड खराब होतं, त्याची किंमत आणि वाया गेलेली सुट्टी हिशेबात धरा.

तिसरा आक्षेप मला गंभीर वाटतो: नवशिक्यांचा कोड चुकतोच, मग सगळं विजेवर का ढकलायचं? ढकलू नये, वेगळं काढावं. कोडची चूक प्रामाणिक असते. ती त्याच ओळीवर, तोच संदेश देऊन, दरवेळी अडते. विजेची चूक जागा बदलते आणि मोटर, कॅमेरा किंवा वायफाय जागं झालं की उगवते. शिवाय ज्याला कोडची चूक म्हणतात, तीही पुष्कळदा पोराची नसते. पाय ५ मध्ये पिना वेगळ्या चिपकडे गेल्या, त्यामुळे ‘आरपीआय जीपीआयओ’ या जुन्या लायब्ररीवर लिहिलेले धडे त्यावर चालत नाहीत, तरी किटबरोबर तेच धडे दिले जातात. झाडांना आपोआप पाणी घालायच्या किटचंही तसंच. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर कमीजास्त दाब देतो आणि पायला तो मोजणारी पिनच नाही. मध्ये एमसीपी३००८ सारखी चिप लागते. ती किटमध्ये नसते आणि विचारलं तर उत्तर येतं, "डिजिटल पिनेवर चालतं." चालतं, पण मग फक्त ओलं की कोरडं एवढंच कळतं. आलेख काढायचा तर विसरा. केवळ कुंड्यांसाठीच करायचं असेल तर त्याच संस्थेचा पिको घ्यावा. तो कितीतरी स्वस्त आहे आणि त्यात ही सोय मुळातच आहे. अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या एको पिनेवरचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, तेव्हा मध्ये दोन रेझिस्टर हवेतच. नाहीतर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो, आणि तेव्हा मात्र दोष आपलाच ठरतो.

आपल्या उन्हाळ्याबद्दल एवढंच, की प्रोसेसर ८० अंशांपाशी स्वतःला रोखू लागतो, आणि नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये बाहेरच ४५ असतात. बंद डबीत पंख्याशिवाय बोर्ड ठेवू नये. ‘गेट थ्रॉटल्ड’च्या त्या आकड्यात डावीकडच्या ५ च्या जागी विषम अंक, किंवा बी, डी, एफ, आला तर वीज कमी पडली. शून्य सोडून दुसरं काही आलं तर बहुधा उष्णता. पावती जपावी, कार्डाची प्रत काढून ठेवावी, हे सगळेच सांगतात, मीही सांगतो. पण पावतीवर चार्जरचे अँपिअर लिहून घ्या. आणि बोर्ड परत करायला नेणार असाल, तर घरी बंद करण्याआधीच स्क्रीनवरच्या आकड्याचा फोटो काढा, चार्जर आणि वायर दोन्ही बरोबर घ्या, आणि काउंटरवर त्याच जोडीने बोर्ड चालवून दाखवायला सांगा. बोर्डाला कॅमेरा लावलेला असू द्या.