सागाच्या ओंडक्याची पारख

बांधावरील साग विकताना पुष्कळ शेतकरी बंधू उभ्या झाडांचा उक्ता सौदा करतात. त्यामुळे चांगल्या लाकडाचे मोल त्यांच्या पदरात पडत नाही.

प्रथम घनफळ काढावे. ओंडक्याच्या मध्यावरील घेराच्या चतुर्थांशाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे. घेर १२० सेंटिमीटर व लांबी ३ मीटर असल्यास ०.२७ घनमीटर येते. गोल ओंडक्याचे प्रत्यक्ष घनफळ सुमारे ०.३४ घनमीटर असते. म्हणून भाव कोणत्या मापावर आहे, हे आधी विचारावे.

नंतर सरळपणा, गाठी, पोकळी व गाभ्याच्या पक्क्या लाकडाचे प्रमाण पाहावे. गाठींमुळे किती नुकसान होते हे जाणण्यासाठी लिलावातील सारख्या घेराचे व लांबीचे, परंतु केवळ गाठींत भिन्न असे ओंडके ताडून पाहावेत. अशा अनेक जोड्यांच्या दर घनमीटर भावांतील सरासरी अंतरास आपल्या ओंडक्याच्या घनफळाने गुणिले म्हणजे नुकसानीचा आकडा निघतो.

कोवळ्या फांद्या वेळीच छाटण्याचा खर्च, तोडणीपर्यंतच्या व्याजासह, याहून कमी असेल तर छाटणी अवश्य करावी. मोजमाप व प्रतवारी मात्र स्वतःच्या समक्ष करून घ्यावी.