जुन्या चिठ्ठीची मुदत

वाई,
मार्गशीर्ष वद्य ३

चिरंजीव अनंत यास,

पाडव्याला लोणंदला तुझ्या दुकानाचे पूजन झाले त्या दिवशी माणसांच्या वर्दळीत तुझ्याशी निवांतपणे बोलता आले नाही. आणि परवाच्या पत्रात, थंडी पडल्यापासून गुडघेदुखीच्या गोळ्यांचा खप एकाएकी वाढला असून गल्ला बरा जमतो आहे, हे तू ज्या उत्साहाने लिहिले आहेस ते वाचून, हे बोलणे आता लांबणीवर टाकू नये असे मनाने घेतले. खप वाढला याचा मला विषाद नाही. एकोणचाळीस वर्षे मीही याच गोळ्यांवर संसार केला. परंतु ज्या मालाचे गिऱ्हाईक हसतमुखाने परत येते आणि तक्रार म्हणून कधी करीत नाही, त्या मालाविषयी दुकानदाराने अधिक सावध असावे, ही अक्कल मला फार उशिरा आली. ती कशी आली तेच आज लिहितो.

आमच्या आळीत मला चौथीत शिकविलेले एक गुरुजी राहत असत. निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे धरले, तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांना डायक्लोफेनॅकची ५० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, दहा दिवसांपुरती, लिहून दिली. ती चिठ्ठी गुरुजींनी बँकेच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपून ठेवली. घडीवर घडी पडून ती विरली, सहीची निळी शाई तेवढी शाबूत राहिली, आणि दर महिन्याला पेन्शन घेऊन येता येता ते ती माझ्या काउंटरवर अशा निर्धास्तपणे उलगडीत, की जणू वंशपरंपरेची सनदच. मी साठ गोळ्या मोजून देत असे. दीड वर्ष दिल्या. मध्यंतरी हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू केली, तीही माझ्याकडूनच जाई. दोन्ही पाकिटे एका पिशवीत घालताना माझा हात एकदाही अडखळला नाही. पुढे त्यांना चढावर धाप लागू लागली, चेहरा पांढुरका दिसू लागला, आणि रक्त कमी झाले असावे म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या मागितल्या, त्याही मी दिल्या. एके दिवशी दुकानात दुसरे कोणी नाही असे पाहून ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘अरे, शौचाला काळे होते रे अलीकडे.’’ मी म्हणालो, ‘‘लोहाने होतेच, गुरुजी. काळजी करू नका.’’

अनंता, हे वाक्य खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते घातक ठरले. लोहाच्या गोळीने शौच काळसर होतेच; पण जठरातून पाझरणारे रक्तही खाली उतरेपर्यंत पचते, आणि डांबरासारखे काळे, चिकट व उग्र दुर्गंधीचे होऊन बाहेर पडते. रक्त मुळात कमी का झाले हा प्रश्न न विचारता मी लोह दिले, आणि चोराच्या पावलांवर स्वतःच्या हाताने झाडू फिरविला. पुढच्याच महिन्यात एका पहाटे गुरुजी न्हाणीच्या उंबऱ्यात कोसळले. साताऱ्याला नेले तेव्हा हिमोग्लोबिन पाचाच्या आसपास होते. दुर्बिणीने पाहता जठरात व्रण आढळला. चार बाटल्या रक्त चढवावे लागले. पोटात त्यांच्या एकदाही दुखले नव्हते. दुखणे मारणारी गोळी दिवसातून दोनदा जात असता दुखावे तरी कसे! गुरुजी वाचले. महिन्याने काठी टेकीत आले, ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि ‘‘ही आता तूच ठेव,’’ एवढेच म्हणाले. डॉक्टरांनी दहा दिवस लिहिले होते. दीड वर्षाचे धनी आम्ही दोघे होतो, आणि त्यांतला शिकलेला मी होतो.

या गोळ्यांचा हा स्वभाव काही नवा नव्हे. लंडनच्या दोन डॉक्टरांनी १९३८ साली जठरात नळी घालून ॲस्पिरिनने दुखावलेले अस्तर डोळ्यांनी पाहिले होते. त्याचा उलगडा मात्र १९७१ साली जॉन व्हेन यांनी केला, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. तुझ्या पुस्तकातील प्रोस्टाग्लँडिनांचे ते प्रकरण मी माझ्यापुरते असे समजून घेतले आहे, की शरीराच्या कचेरीत एकाच कारकुनाकडे दोन खाती आहेत: सांध्यात सूज व वेदना उत्पन्न करण्याचे एक, आणि जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा लेप व रक्ताचा पुरवठा राखण्याचे दुसरे. सुजेच्या खात्यावर रुष्ट होऊन कारकुनाला निलंबित केले, की जठराच्या दारावरचा पहाराही त्याच हुकमाने उठतो. पुढे हे कारकून दोन असल्याचे उघडकीस आले, आणि त्यांतल्या सुजेवाल्यालाच बडतर्फ करणाऱ्या गोळ्या निघाल्या. जठराचा जाच कमी झाला खरा, पण त्यांपैकी रोफेकॉक्सिब ही गोळी हृदयविकाराच्या धोक्यापायी ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरच्या बाजारातून परत घ्यावी लागली. म्हणून ‘पोटाला न लागणारी द्या’ असे कोणी मागितले, तर तशी निर्दोष गोळी माझ्याकडे आहे असा आव तू आणू नकोस.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, ती गिऱ्हाइकांना पटविणे कठीण जाते. हा अपाय गोळी जठराला चिकटल्याने जितका होतो त्याहून अधिक ती रक्तात मिसळल्याने होतो. तेव्हा इंजेक्शन घेतले, गुदद्वारातून वडी घेतली किंवा वेष्टनाची गोळी घेतली म्हणून जठर सुटत नाही, आणि ‘रिकाम्या पोटी घेऊ नका’ हा आपला पिढीजात उपदेश मळमळ कमी करण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घेतली तर जठराचे रक्षण पुष्कळ होते, पण लहान आतड्याला तिचे कवच नाही, आणि तिथेही व्रण होतात. वय पासष्टीच्या पुढे, पूर्वी कधी व्रण झालेला, सोबत स्टेरॉइड, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू, अथवा दोन डॉक्टरांच्या दोन वेदनाशामक गोळ्या एकाच पिशवीत: असा मनुष्य समोर आला की पाकिटाकडे गेलेला हात मागे घे.

यकृताचे प्रकरण निराळे आहे. तिथे रक्त दिसत नाही, केवळ कागदावरचा आकडा सरकतो. डायक्लोफेनॅक काही महिने घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे तीन-चार जणांची एसजीपीटी नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीवर जाते. बहुतेकांना काही जाणवत नाही, गोळी थांबविली की आकडा खाली येतो, पण क्वचित एखाद्याचे यकृत थेट निकामी होण्यापर्यंत मजल जाते. औषध लांबणार असेल तर सुरू केल्यापासून चार ते आठ आठवड्यांत रक्त तपासावे असा दंडक आहे, तो तू तोंडी सांगत जा. लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, की डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता गोळी बंद ठेवून डॉक्टरांकडे जावे. निमेसुलाइड हे असेच दुसरे वेदनाशामक स्पेनने व फिनलंडने २००२ साली याच कारणास्तव बाजारातून काढले, आणि आपल्याकडे २०११ साली बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास मनाई झाली. तरी मुलाच्या तापावर ते नावानिशी मागणारी माणसे तुला भेटतील.

आणखी एक हिशेब पाटीवर मांडून पाहा. गुडघ्याच्या जोडगोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, ती दिवसातून दोनदा म्हणजे ६५०. ताप आला म्हणून ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. आणि सर्दीच्या गोळीत ५०० असेल तर तीन वेळचे १५००. बेरीज ४७५०. सशक्त मनुष्याची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, दारू पिणाऱ्याची व उपाशी माणसाची त्याहून पुष्कळ खाली. तिन्ही पाकिटांवर नावे वेगळी असल्यामुळे घेणाऱ्याला आपण एकच औषध तीन वाटांनी घेतो आहो याची दाद नसते. ती बेरीज करणे आपले काम आहे.

सांधेदुखीच्याच काही चिठ्ठ्यांत येणारे मेथोट्रेक्सेट हे वेदनाशामक नव्हे, आमवाताच्या मुळावर घालावयाचे औषध आहे, आणि ते आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले तर तोंड व आतडी सोलवटतात, रक्त तयार होण्याचे थांबते, माणूस दगावतो. पाकिटावर वार लिहून दे: ‘फक्त सोमवारी’. तोंडाने सांगून भागणार नाही. आणि बाजारच्या दिवशी जडीबुटीच्या म्हणून जादूसारखा गुण देणाऱ्या ज्या बिननावाच्या पुड्या फिरतात, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच कुटलेले निघते. त्या पुड्या दुकानाच्या पायरीवरही ठेवू देऊ नकोस.

जाता जाता एक आठवण. आमच्या लहानपणी मेलेल्या बैलावर गिधाडांचा थवा उतरे; पुढे जनावरांना डायक्लोफेनॅक टोचण्याची वहिवाट पडली, त्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि २००६ साली सरकारने गुरांसाठी ते बंद करीपर्यंत आकाश रिकामे झाले होते. माणसाचे मूत्रपिंड गिधाडापेक्षा चिवट आहे, पण रक्तदाबाची व लघवी होण्याची गोळी घेणाऱ्यावर त्यात ही तिसरी पडली तर तेही हात टेकते.

आता कायद्याचे. १९४० च्या औषध अधिनियमाखाली १९४५ साली झालेल्या नियमांतील पासष्टावा नियम काढून वाच. डायक्लोफेनॅक अनुसूची ‘एच’मध्ये आहे, डॉक्टरांनी पुन्हा देण्याविषयी स्पष्ट लिहिले नसेल तर अशा औषधाची चिठ्ठी एकदाच चालते, आणि औषध देताना त्या चिठ्ठीवर दुकानदाराचे नाव, पत्ता व तारीख घालावी लागते. हा नियम मलाही पाठ होता. इन्स्पेक्टर येत तेव्हा मी तो घडाघडा म्हणून दाखवीत असे. गुरुजींच्या चिठ्ठीवर मात्र माझा एकही शिक्का नव्हता. असता तर अठरा शिक्के एकाखाली एक उमटले असते, आणि मी जरी आंधळा राहिलो असतो तरी दुसऱ्या कोणा डोळस माणसाने ते मोजले असते.

तुझ्या दुकानाच्या नावापत्त्याचा शिक्का इथे करवून घेतला आहे, तो येत्या एसटीने पाठवितो. तारखेचा शिक्का माझाच जुना आहे. त्याचे महिन्याचे चाक अडते, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोड म्हणजे फिरेल. वहिनींच्या गुडघ्यांसाठी तू दुकानातून परभारे गोळ्या नेतोस असे दादांच्या पत्रावरून कळले. त्यांना रक्तदाब आहे आणि वय सत्तरीचे आहे. त्यांच्याजवळ चिठ्ठी आहे का, असल्यास कोणत्या सालची, हे आजच पाहा, आणि जुनी निघाली तर या आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. काय ठरले ते मला उलट टपाली कळव.

दादांना व वहिनींना साष्टांग नमस्कार.

तुझा काका