आधी घरचे आवाज, मग गाणी

अगं, सासूबाईंनी करोलबागचं घर आवरायला काढलं आणि दिवाणातली कॅसेटची पिशवी तुझ्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये येऊन पडली, एवढंच ना? मग हबकू नकोस. ऑफिस, मुलांच्या परीक्षा आणि त्यात आता हे, असं वाटणारच. पण बघ, हे काम एका बैठकीत उरकत नाही. साठ मिनिटांची कॅसेट काँप्युटरवर घ्यायला साठ मिनिटंच लागतात, त्याला कुणाचाच इलाज नाही. एकदा सुरू करून दिलं की तू आपली मेथी निवडत बस.

पहिल्यांदा पिशवी पलंगावर पालथी घाल आणि दोन ढीग कर. विकतची गाणी, नाट्यगीतं, भीमसेन, लता सरळ बाजूला ठेव. ती आता कुठेही मिळतात आणि तुझ्या घासलेल्या कॅसेटपेक्षा चांगली मिळतात. पेनानं काहीतरी खरडलेल्या आणि काहीच न लिहिलेल्या कॅसेट जवळ घे. एसटीडीचं बिल परवडत नव्हतं तेव्हा गावाहून बोलून पाठवलेली खुशाली, बारशाचे पाळणे, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातला एखादा कार्यक्रम, असलं सगळं ह्याच ढिगात सापडतं.

आणि बाजूला ठेवलेल्या ढिगासाठी एक खूण सांगते. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन चौकोनी खाचा असतात. विकतच्या कॅसेटला त्या उघड्या असतात, म्हणजे त्यावर टेप होत नाही. त्यावर चिकटपट्टी लावलेली दिसली की समज, सिनेमाच्या गाण्यांवर कुणीतरी घरचं काही टेप केलंय. गुलशनकुमारांनी ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त केली होती की लोक बिनधास्त असं करायचे. ती पट्टी आधी काढून टाक. कोऱ्या कॅसेटवरच्या घरच्या रेकॉर्डिंगला मात्र खाचांवर प्लॅस्टिकची पाती असतात, ती स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाक, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. हसू नकोस, पण आत्याच्या पाळण्याच्या मधोमध माझं ‘हॅलो, हॅलो, चालू आहे का?’ अजून ऐकू येतं!

वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून बघ. फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. दिल्लीचा जुलै-ऑगस्ट काही कमी दमट नसतो. अशी कॅसेट लावूच नकोस, बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ती पिशवीत बंद करून वेगळी ठेव आणि जाणकाराला दाखव. मग खालच्या कडेला, मधोमध बघ. तांब्यासारख्या पट्टीवर नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. गोंद सुकला की तो गळून पडतो आणि आवाज येतो जातो, बसका वाटतो. फीत गेली म्हणून रडू नकोस, बहुतेक वेळा तेवढा तुकडाच गेलेला असतो. स्क्रूवाली एखादी टाकाऊ कॅसेट उघड आणि तिची पट्टी इकडे बसव.

टेपरेकॉर्डर नात्यात कुणाकडे तरी पडलेला असतोच. त्याचा पट्टा सैल झाला असेल तर लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये विचार. हेड आणि त्याच्या शेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पूस. रबरी चाकाला मात्र नुसतं ओलसर फडकं, अल्कोहोलनं रबर कडक होतं. खरं सांगू का, यूएसबीवाले स्वस्त नवे प्लेअर घेऊ नकोस. त्यांची गती डुगडुगते आणि आजीचा आवाज थरथरल्यासारखा येतो.

लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात वायर खुपसू नकोस, ते हेडफोन आणि माइकसाठी असतं. नेहरू प्लेसला लाइन-इन असलेलं यूएसबी साउंडकार्ड माग आणि टेपच्या हेडफोनमधून वायर त्यात दे. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेवढं पुरे. सगळ्यांत मोठ्या आवाजाला त्यातली आवाज दाखवणारी पट्टी उणे सहाच्या आसपास थांबू दे. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. घूं असा आवाज येत राहिला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढ. आणि इन्व्हर्टरवर लाइट चालू असताना रेकॉर्डिंगला बसूच नकोस.

फाइल कशी साठवायची, तर ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, एवढं लिहून ठेव. तासाला साधारण एक जीबी होतं, घाबरण्यासारखं काही नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ वेगळी काढ. खरखर काढायचा मोह होईल, तो प्रतीवर भागव. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बजावून सांगते. जास्त सफाई केली की शब्दांची टोकं जातात, आणि शिवाय मागे वाजणारी कुकरची शिट्टी, गल्लीतला भाजीवाला हेही त्या घराचंच आहे की! गुरुग्रामला लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं जपणारं एक संग्रहालय आहे, १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेलं आणि नंतर आपल्यासारखंच दिल्लीकडे आलेलं. असल्या संग्रहांमध्येही पहिली प्रत जशीच्या तशी ठेवायची, हाच नियम असतो. कॅसेटही टाकू नकोस. कोरड्या कपाटात उभ्या ठेव, माळ्यावर नको. मे महिन्यात तिथे नुसती भट्टी असते.

हे सगळं जमेल गं तुला. साउंडकार्ड महिनाभर उशिरा आलं तरी चालेल. पण बोलतंय कोण, कुणाच्या बारशाचं, कोणत्या साली, हे सांगणारं माणूस फक्त सासूबाईच आहेत. येत्या रविवारी त्यांना बोलाव, साध्या टेपवर कॅसेट लाव आणि नावं वहीत उतरवून घे.