आजचं मनन : 'दरी' म्हणजे काय? (लूक १६:१९-३१)

श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. मेल्यावर श्रीमंत यातनेत, लाजर अब्राहामाच्या उराशी, आणि मध्ये मोठी दरी (वचन २६). आज या एकाच शब्दावर थांबू या.

मूळ ग्रीक शब्द आहे 'खास्मा'. 'आ वासणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. नव्या करारात तो फक्त याच वचनात येतो. आपला 'दरी' शब्द संस्कृत 'दॄ', म्हणजे फाडणे, या धातूचा. विदीर्ण, विदारक ही त्याचीच भावंडं. मे महिन्यात आपल्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात ना, तसं चित्र डोळ्यांपुढे आणा. भाषांतर मला तरी चपखल वाटतं.

पण माझं मन 'खंदक' या शब्दाकडे जातं. कंधारच्या किल्ल्याभोवती आहे तो. शब्द मूळचा इराणी, अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, अर्थ 'खणलेला'. दरी आपोआप फाटते, खंदक माणूस खणतो. दाखल्यातली दरी कुठली? दोघं जिवंत होते तेव्हा मध्ये दरी नव्हतीच. लाजर दाराशीच पडलेला होता. दार उघडलं असतं तर चार पावलांचं अंतर. आणि नंतर तो श्रीमंत मागतो काय, तर बोटाच्या टोकाला लागेल एवढं पाणी!

लातूरकरांना हे समजावून सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते दिवस आठवा. आमच्या बोअरला तेव्हा पाणी होतं. पप्पा रोज संध्याकाळी मोटर लावून गल्लीला घागरी भरू द्यायचे. मी पुण्याहून सुट्टीवर आलो, हिशेब मांडला आणि म्हणालो, "असं चाललं तर बोअर पंधरा दिवसांत आटेल." गेटला कुलूप मीच लावलं. बोअर काही आटला नाही.

समोरच्या मावशी दोनदा घागर घेऊन आल्या, कुलूप बघून परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत. आजही रस्त्यात भेटल्या की विचारपूस करतात, पण आमच्या घरात पाऊल ठेवत नाहीत. मम्मीला ते अजून लागतं.

त्यांचं दार आमच्या गेटपासून बारा पावलांवर आहे, मोजलंय मी. या रविवारी चर्चहून आलो की आधी तिकडे जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.