तोंड आले तर

तात्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला. लगेच ताट सरकवले.

"सूनबाई, तोंड आलंय. तिखट सोसत नाही."

"मामंजी, दूधभात घ्या. चार दिवस तिखट नको, कढत नको."

तोंड का येते? दाताखाली गाल चावतो. तुटका दात घासतो. अंगात लोह किंवा जीवनसत्त्वे कमी पडतात. म्हणून जेवणात पालेभाजी, डाळ, दूध असावे.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरा. पाणी गिळू नका. तंबाखू, चुना बंद करा. साधा फोड एक-दोन आठवड्यांत बरा होतो.

दोन आठवडे गेले. तात्यांचा एक फोड तसाच राहिला.

"आता दुखत नाही. जाऊ दे," तात्या म्हणाले.

"दुखत नाही म्हणून सोडायचं नाही. तुम्ही तंबाखू खाता. आज दवाखान्यात चलाच."

सूनबाईचे खरे आहे. दोन आठवड्यांत न भरणारा फोड कर्करोगाचा असू शकतो. तो दुखेलच असे नाही. कर्करोग लवकर कळला, तर बरा होण्याची आशा मोठी असते.

लक्षात ठेवा : दोन आठवडे वाट पाहा. पुढे घरी थांबू नका.